मधुमेहाची गोळी आणि आंतड्याचा बांध

वसईच्या खाडीच्या दक्षिण कांठीं, भाईंदरच्या मिठागरांत, पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकविलें गेलें. वरवर पाहतां हा धंदा सोपा वाटतो. खारें पाणी आणि ऊन हीं दोन्हीं फुकट मिळतात. परंतु आगरांत राबलेल्या माणसास विचारलें तर तो सांगेल कीं, सारें कसब मातीच्या बांधांत आणि उघाडींत आहे. भरतीचें पाणी हवें तेवढें आंत घ्यावयाचें, नको तेव्हां बाहेर थोपवावयाचें, आणि खेकड्यानें बांधाला पाडलेलें भोंक वेळींच बुजवावयाचें. बांधाची उघाडी कधींच उघडली नाहीं तर मीठ पिकत नाहीं, आणि बांध फुटला तरीहि पिकत नाहीं.

माणसाच्या पोटांतहि असाच एक बांध आहे. आंतड्याच्या आंतल्या बाजूचें अस्तर एका पेशीइतक्याच जाडीचें असतें. त्याच्या एका अंगास अन्नरस आणि अब्जावधि सूक्ष्म जंतू, तर दुसऱ्या अंगास रक्त. अन्नांतील सत्त्व आंत घ्यावें, जंतूंना व त्यांच्या विषांना बाहेर ठेवावें, हें काम या अस्तरास रात्रंदिवस करावें लागतें. आणि तें करतांना त्याच्या पेशी इतक्या झिजतात कीं, तीन ते पांच दिवसांत जवळजवळ सारें अस्तर नवें होतें. मधुमेहाच्या रोग्यांना जगभर बहुधा सर्वांत आधीं जी गोळी दिली जाते, त्या मेटफॉर्मिनचा या बांधाशीं कांहीं संबंध आहे काय, हा प्रश्न अलीकडच्या वर्षांत वैद्यकापुढें आला आहे. त्याचें उत्तर समजून घ्यावयाचें तर त्या गोळीचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला पाहिजे. कारण ती शरीरांत नेमकें कोठें आणि काय करते, याविषयींची शास्त्रज्ञांची समजूत या अवधींत एकदां नव्हे, अनेकदां बदलली आहे.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाहीं. भाईंदरसारख्या शहरांतील घराघरांचा तो आहे. १९८५ सालीं कांहीं ग्रामपंचायती एकत्र होऊन मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, आणि २००२ सालीं तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या शिरगणतींत शहराची वस्ती ५,२०,३८८ होती. २०११ सालीं ती ८,०९,३७८ झाली. शेतें आणि खाजणें होतीं तेथें मजल्यावर मजले चढले, अंगमेहनतीच्या जागीं बैठें काम आलें, आणि माणसांबरोबर त्यांचे रोगहि बदलले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साह्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत भारतांतील मधुमेह्यांची संख्या दहा कोटि दहा लाखांच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. त्यांतील पुष्कळांच्या फडताळांत ही पांढरी गोळी असते.

आतां या शहरांतला नोकरदार माणूस पाहावा. सकाळीं चर्चगेटकडे जाणारी लोकलगाडी त्याला चाळीस किलोमीटरांहून अधिक अंतर, बहुधा उभ्यानें, घेऊन जाते. आणि त्या गाडींत शौचालय नसतें. मेटफॉर्मिन सुरू केल्यावर पहिले कांहीं आठवडे ज्याचें पोट ढवळतें, त्याला ही गोळी म्हणजे रोज सकाळचा धाक होऊन बसते. तो ती एक दिवस टाळतो, मग आठवडाभर टाळतो, आणि अखेर कोणास न सांगतां सोडून देतो. औषधानें पोट बिघडविलें, एवढाच त्याचा निष्कर्ष असतो. तो निष्कर्ष अर्धाच खरा आहे, आणि उरलेलें अर्धें सत्य हातीं येण्यास शास्त्रालाहि फार वर्षें लागलीं.

मधुमेह हा भारतास नवा रोग नव्हे. सुश्रुतानें प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्मतःच येणारा सहज, आणि दुसरा अपथ्यानें होणारा. गोड मूत्राकडे मुंग्या धांवतात, हेंहि जुन्या वैद्यांच्या नजरेंतून सुटलें नव्हतें. चरकसंहितेंत ग्रहणी नांवाच्या अवयवाचें वर्णन आहे. ती अग्नीचें अधिष्ठान असून न पचलेलें अन्न धरून ठेवते आणि पचलेलें पुढें सोडते, आणि ती दुबळी झाली कीं कच्चेंच अन्न पुढें जातें, असें तेथें म्हटलें आहे. आजच्या सूक्ष्मदर्शकांतील शोध त्या श्लोकांत वाचूं पाहणें म्हणजे त्या ग्रंथांवर अन्याय करणें होय. तरी पोटांत धरण्याचें आणि सोडण्याचें काम करणारें एक दार आहे आणि त्याच्या दुबळेपणांतून रोग उद्भवतात, ही कल्पना या भूमींत जुनी आहे, इतकें म्हणण्यास हरकत नाहीं.

गोळीचा वंश मात्र युरोपांतील एका रानझाडापासून सुरू होतो. गॅलेगा ऑफिसिनॅलिस हें शेंगांच्या कुळांतलें, जांभळट फुलांचें झाड. तेथील लोकवैद्यकांत त्याचा उपयोग शतकानुशतकें होत असे. त्या झाडांत ग्वानिडीन या द्रव्याशीं नातें असलेले पदार्थ सांपडले. १९१८ सालीं वॉतानाबे या संशोधकानें ग्वानिडीन दिलेल्या सशांच्या रक्तांतील साखर उतरते, असें दाखविलें. नुसतें ग्वानिडीन माणसास देण्याजोगें नव्हतें, कारण तें विषारी. पण वाट दिसली होती.

पुढें १९२२ हें साल विलक्षण ठरलें. त्या वर्षाच्या जानेवारींत टोरांटोच्या रुग्णालयांत लेनर्ड थॉम्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिनचें पहिलें इंजेक्शन दिलें गेलें, आणि मरणाच्या दारांतलीं मुलें परत येऊं लागलीं. त्याच वर्षीं डब्लिन येथें वर्नर आणि बेल या दोन रसायनज्ञांनीं एक नवें संयुग तयार केल्याचें प्रसिद्ध केलें. तेंच पुढें मेटफॉर्मिन या नांवानें ओळखलें जाणारें द्रव्य. त्यांना मधुमेहाशीं कर्तव्य नव्हतें. तो त्यांच्या दृष्टीनें शुद्ध रसायनशास्त्राचा विषय होता. १९२९ सालीं जर्मनींत स्लोटा आणि त्शेशे यांनीं या वर्गांतील द्रव्यांनीं प्राण्यांच्या रक्तांतील साखर उतरते असें दाखविलें, तरी कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. इन्शुलिनच्या तेजापुढें तें फिकें वाटलें. शिवाय त्याच कुळांतील सिंथालिन या औषधानें यकृतास व मूत्रपिंडास इजा होत असल्याचा अनुभव ताजा होता. एका भावंडाच्या अपकीर्तीनें दुसरें भावंड अंधारांत राहिलें.

त्यास उजेडांत आणलें तें दुसऱ्याच एका रोगानें. फिलिपाइन्समध्यें युसेबिओ गार्सिया या वैद्यानें हेंच द्रव्य फ्लूच्या रोग्यांना दिलें आणि १९५० च्या सुमारास त्याचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांत रक्तांतील साखर उतरत असल्याचाहि उल्लेख आला. पॅरिसमधील झां स्टर्न या वैद्याच्या विचारास त्यामुळें चालना मिळाली. त्यानें हें द्रव्य मधुमेह्यांना देऊन पाहिलें, १९५७ सालीं आपले निष्कर्ष छापले, आणि औषधास ‘ग्लुकोफाज’ म्हणजे साखर खाणारा असें नांव दिलें. साधारण याच सुमारास, १९५५ सालीं, मुंबईंत डॉ. शां. शि. आजगांवकर यांच्या पुढाकारानें डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली होती. मधुमेह हा केवळ वैद्यानें बरा करावयाचा रोग नसून रोग्यानें आणि त्याच्या घरानें समजून घ्यावयाचा रोग आहे, ही दृष्टि अशा संस्थांनीं रुजविली. गोळीचा पुढचा इतिहास पाहतां ती दृष्टि किती मोलाची होती हें ध्यानांत येतें.

कारण पुन्हा एकदां एका भावंडानें घात केला. फेनफॉर्मिन हें मेटफॉर्मिनचें सख्खें भावंड अमेरिकेंत फार खपलें. पण त्यानें कांहीं रोग्यांच्या रक्तांत लॅक्टिक आम्ल प्राणघातक प्रमाणांत सांचूं लागलें. १९७७ सालीं अमेरिकेच्या सरकारनें तें तातडीचा धोका म्हणून बाजारांतून काढण्याचें ठरविलें. भारतांत मनुष्याच्या उपयोगासाठीं फेनफॉर्मिनवर बंदी आली ती २००३ सालीं. मेटफॉर्मिनमध्यें हा धोका फारच कमी असूनहि संशयाची छाया त्याच्यावरहि पडली, आणि अमेरिकेनें त्यास परवाना दिला तो १९९४ च्या अखेरीस. पुढें १९९८ सालीं ब्रिटनमधील एका दीर्घ परीक्षेचे निष्कर्ष आले. स्थूल मधुमेह्यांत मेटफॉर्मिननें नुसती साखर उतरत नाहीं, तर हृदयविकाराचा झटका आणि मृत्यु यांचें प्रमाणहि घटतें, असें तींत दिसलें. तेथून ही जुनी, स्वस्त गोळी पहिल्या मानाच्या जागीं बसली.

या साऱ्या काळांत आंतड्यास मात्र कोणी विचारलें नाहीं. गोळी यकृतावर काम करते, यकृतांतून रक्तांत पडणारी साखर ती रोखते, असें मानलें जाई. आणि तें खोटें नाहीं. आंतडें म्हणजे औषध आंत जाण्याचा केवळ उंबरा, आणि तेथें होणारी मळमळ, गुबारा, जुलाब म्हणजे त्या वाटेवरचा त्रास, अशी समजूत होती. ह्या तक्रारी थोड्याथोडक्यांच्या नसत. निरनिराळ्या पाहण्यांत चार रोग्यांपैकीं एकापर्यंत त्यांचें प्रमाण आढळलें आहे. परंतु त्रास होतो याचाच अर्थ तेथें औषधाचें कांहीं काम चाललें आहे, हा विचार उशिरां सुचला.

पहिली खूण १९७१ सालीं मिळाली. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या रोग्यांत बी-१२ हें जीवनसत्त्व आंतड्यांतून नीट शोषलें जात नाहीं, असें ब्रिटिश वैद्यांनीं त्या वर्षीं दाखविलें. म्हणजे गोळी बांधाच्या एका उघाडीला हात लावीत होती. महाराष्ट्रांत या गोष्टीचें महत्त्व विशेष आहे. बी-१२ मांसमासळींतून, अंड्यांतून आणि थोडेंबहुत दुधांतून मिळतें. वनस्पतींतून तें मिळत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं पुणें परिसरांतील ४४१ पुरुषांची तपासणी केली. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत शेंकडा ६७ जणांच्या रक्तांत बी-१२ कमी आढळलें, आणि शहरी मध्यम वर्गांत तर हें प्रमाण शेंकडा ८१ होतें. ज्या घरांत मांसान्न शिजत नाहीं अशीं घरें मीरा-भाईंदरमध्यें पुष्कळ आहेत. ज्याच्या कोठारांत आधींच थोडें, त्याच्या दाराशीं आणखी अडसर पडला तर पायांना येणारे झिणझिण्या-मुंग्या मधुमेहाच्या कीं बी-१२ च्या तुटीच्या, हें ओळखणें कठीण होतें. बांधाचें आरोग्य म्हणजे केवळ भोंकें बुजविणें नव्हे. आंत यावयाचें तें येऊं देणें हेंहि त्यांतच आलें.

दुसरीकडे बांधाची ओळखहि हळूहळू वाढत होती. १८९२ सालीं रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञानें पटकीच्या जंतूंच्या शरीरांतच एक विष असतें आणि जंतु मरून फुटल्यावरहि तें घातक ठरतें, असें दाखविलें. त्याला त्यानें अंतर्विष या अर्थाचें नांव दिलें. आंतड्यांतील अनेक जंतूंच्या कवचांत असें विष असतें. तें आंतड्यांत असेपर्यंत बहुधा निरुपद्रवी, रक्तांत शिरलें तर उपद्रवी. १९६३ सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें फार्कर आणि पलाडे यांनीं अस्तराच्या पेशी एकमेकींस कशा जखडलेल्या असतात त्याचें वर्णन केलें. त्या घट्ट सांध्यांतील ऑक्लुडिन हें प्रथिन १९९३ सालीं आणि क्लॉडिन हीं प्रथिनें १९९८ सालीं जपानमध्यें सुकीता यांच्या प्रयोगशाळेंत सांपडलीं. हे सांधे म्हणजे विटांमधला निर्जीव चुना नव्हे, तर प्रसंगानुसार सैल वा घट्ट होणारीं दारें आहेत, असें मग कळून आलें.

या दोन शोधांचा मधुमेहाशीं धागा जुळला तो २००७ सालीं. कानी, ब्युर्सलें आणि त्यांचे सहकारी यांनीं उंदरांना चार आठवडे अतिस्निग्ध आहार दिला. त्यांच्या रक्तांत जंतूंचें अंतर्विष दोन ते तीन पटींनीं वाढलें, आणि तेवढ्यानेंच शरीरांत मंद दाह सुरू होऊन इन्शुलिनचा प्रभाव कमी पडूं लागला. हें विष रोग्यास ताप आणण्याइतकें नसतें. बांधांतून होणाऱ्या पाझराप्रमाणें तें गुपचुप येत राहतें. साखरेचा रोग हा कांहीं अंशीं पाझरणाऱ्या आंतड्याचा रोग असेल काय, असा प्रश्न तेथून उभा राहिला.

आणखी एक पात्र याच सुमारास रंगभूमीवर आलें. आंतड्याच्या अस्तरावर श्लेष्माचा बुळबुळीत थर असतो. बांधावर लिंपलेल्या चिखलासारखा तो जंतूंना पेशींपासून दूर ठेवतो. या श्लेष्मावरच उपजीविका करणारा एक जंतु हॉलंडमधील वाखनिंगेन येथें म्युरिएल डेरियन आणि त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं वेगळा काढला, आणि डच सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ आकरमान्स यांच्या सन्मानार्थ त्यास आकरमान्सिया असें नांव दिलें. जो थर खातो तो थराचा वैरी असावा, असें कोणासहि वाटेल. पण प्रयोगांत उलटें दिसलें. तो असला कीं उंदरांतील थर जाड राहतो, कारण खालच्या पेशी नवा श्लेष्मा जोमानें सोडतात. २०१४ सालीं कोरियांतील संशोधकांनीं अतिस्निग्ध आहारावरील उंदरांना मेटफॉर्मिन दिलें, तेव्हां आकरमान्सियाची संख्या वाढली आणि श्लेष्मा सोडणाऱ्या पेशीहि वाढल्या. गोळी न देतां नुसता हा जंतु दिला, तरी त्या उंदरांची साखर कांहीं अंशीं सुधारली.

आंतडें हें गोळीचें कार्यक्षेत्र आहे, याचीं इतर चिन्हेंहि जमूं लागलीं. गिळलेल्या मात्रेचा साधारण निम्म्याहून थोडा अधिक भाग रक्तांत पोंचतो. आंतड्याच्या भिंतींत मात्र तिचें प्रमाण रक्तांतील प्रमाणाच्या तीसपासून तीनशें पटींपर्यंत आढळलें आहे. कर्करोगाच्या तपासणीसाठीं किरणोत्सर्गी साखर देऊन शरीराचें चित्र घेतात, त्यांत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचें आंतडें दिव्यासारखें उजळलेलें दिसतें, कारण तें साखर ओढून घेत असतें. २०१६ सालीं अमेरिकेंत लहान आंतड्याच्या शेवटच्या भागांत विरघळेल अशी गोळी देऊन पाहिली. तिच्यांतलें औषध रक्तांत फारच थोडें पोंचलें, तरी साखर उतरली. उंबरा म्हणून ज्याच्याकडे पाहिलें, तो घराचा एक महत्त्वाचा दालनच निघाला.

तथापि इतिहासांत एक सावधगिरीचा धडाहि आहे. मधुमेह्यांच्या आंतड्यांतील जंतू निरोगी माणसांहून वेगळे असतात, असें कांहीं वर्षें जोरानें सांगितलें जात होतें. २०१५ सालीं युरोपीय संशोधकांच्या एका संघानें डेन्मार्क, स्वीडन आणि चीन येथील ७८४ नमुने पुन्हा तपासले. तेव्हां असें निघालें कीं, ज्या फरकांचा दोष रोगावर ठेवला होता त्यांतील कांहीं फरक रोगाचे नसून रोगी घेत असलेल्या मेटफॉर्मिनचे होते. औषधाचें बोट रोगाच्या ठशांत मिसळलें होतें. म्हणूनच पुण्यांतील एका संशोधनाची रचना अर्थपूर्ण वाटते. पुणें विद्यापीठांतील सरोज घासकडबी, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रांतील योगेश शौचे आणि के. ई. एम. मधील याज्ञिक यांच्या चमूनें २०१७ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत निरोगी, नुकतेच निदान झालेले आणि दीर्घकाळ मधुमेह असलेले असे तीन गट वेगळे ठेवले होते. निरोग्यांकडून जुन्या रोग्यांकडे जातां जातां ब्युटिरेट तयार करणाऱ्या जंतूंचीं कुळें पायरीपायरीनें कमी होत गेलेलीं दिसलीं. ब्युटिरेट हें मोठ्या आंतड्याच्या पेशींचें मुख्य इंधन. तें डाळी, भाज्या, कोंडा यांतील न पचणाऱ्या चोथ्यापासून जंतू तयार करतात. बांध लिंपणाऱ्या मजुरांची शिदोरी ती हीच.

त्याच वर्षीं स्वीडन व स्पेन येथील संशोधकांनीं पूर्वी कोणतेंहि औषध न घेतलेल्या चाळीस मधुमेह्यांपैकीं कांहींना चार महिने मेटफॉर्मिन आणि कांहींना औषधहीन गोळी दिली. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या आंतड्यांतील जंतुसृष्टि लवकरच पालटली. त्यांचें मल जंतुविरहित वाढविलेल्या उंदरांत घातलें तेव्हां त्या उंदरांची साखर पचविण्याची शक्ति सुधारली. २०१८ सालीं इस्राएलमधील वाइझमन संस्थेनें प्रश्नाची दुसरी बाजू पुढें आणली: रक्तांतील वाढलेली साखर स्वतःच उंदरांच्या आंतड्याचे सांधे सैल करते. माणसांतहि साखरेचें दीर्घकालीन प्रमाण जितकें जास्त, तितका जंतूंचा अंश रक्तांत जास्त, असें त्यांस आढळलें.

आतां या साऱ्याचा हिशेब मांडतां येतो. मेटफॉर्मिन आंतड्यांत काम करते, तेथील जंतुसृष्टि बदलते, आणि त्या बदलाचा साखर उतरण्यांत वांटा आहे, इतकें माणसांवरील प्रयोगांनीं बऱ्याच अंशीं दाखविलें आहे. ती श्लेष्माचा थर व पेशींचे सांधे सुधारते, हें मुख्यतः उंदरांत आणि प्रयोगशाळेंतील पेशींत दिसलें आहे. माणसाचा बांध ती थेट दुरुस्त करते, कीं साखर उतरवून बांध फोडणारी भरतीच ओसरविते, हा निवाडा व्हावयाचा आहे. कदाचित् दोन्हीं खरें ठरेल. उंदरापासून माणसापर्यंतचा प्रवास लांबचा असतो, आणि सिंथालिन व फेनफॉर्मिन यांच्या कहाण्या सांगतात कीं, त्या प्रवासांत घाई करणाऱ्यांची किंमत रोगी मोजतात.

ही मर्यादा सांगणें आवश्यक आहे, कारण बाजार निवाड्याची वाट पाहत नाहीं. ‘आंतडें गळतें’ असा धाक घालून चूर्णें, पेयें आणि जंतूंच्या कुप्या विकणाऱ्या जाहिराती आज पुष्कळ दिसतात. ज्याचें पोट गोळीनें बिघडलें आहे, त्याला त्या फार पटतात. गोळी सुटते, कुपी सुरू होते, आणि साखर चढत राहते. तेव्हां ज्या बांधाच्या काळजीनें गोळी सोडली, तोच बांध चढत्या साखरेनें खचण्याचा संभव वाढतो. पोटाचा खरा त्रास आणि पोटाचें खरें हित यांत भेद न केल्यानें होणारी ही हानि कोणाच्या नजरेस पडत नाहीं. ती पुढें डोळ्यांत, मूत्रपिंडांत आणि पायांत प्रकट होते.

त्रासावर उपाय मात्र ठाऊक आहेत, आणि ते साधे आहेत. गोळी अल्प मात्रेनें सुरू करून आठवड्या-आठवड्यानें वाढवावी, जेवणाबरोबर घ्यावी, तरीहि पोट ढवळलें तर सावकाश विरघळणारी गोळी मिळते. पुष्कळांचें पोट कांहीं आठवड्यांत सांवरतें. ज्यांना तरीहि सोसत नाहीं, त्यांच्यासाठीं दुसरीं औषधें आहेत. मूत्रपिंडाचें काम फार मंदावलें असेल तर ही गोळी देत नाहींत. म्हणून त्याची तपासणी हवी. वर्षानुवर्षें घेणाऱ्यांनीं, विशेषतः शाकाहारी घरांतील माणसांनीं, बी-१२ तपासून घ्यावें. आणि हे सारे उपाय तेव्हांच हातीं येतात, जेव्हां रोगी संकोच सोडून डॉक्टरांस सांगतो कीं सकाळच्या गाडींत त्याला भीति वाटते. आपल्याकडे साखरेविषयीं चारचौघांत बोलतात, पण शौचाविषयीं डॉक्टरांपाशींहि बोलत नाहींत; या मौनामुळें किती गोळ्या फडताळांतच राहिल्या असतील, त्याची गणती नाहीं.

शंभर वर्षांपूर्वीं डब्लिनमध्यें तयार झालेलें एक द्रव्य पांच-सात वेळां वेगळ्या अर्थानें ओळखलें गेलें: आधीं रसायन, मग फ्लूवरचें औषध, मग यकृताची गोळी, मग पोट बिघडविणारी गोळी, आणि आतां कदाचित् पोटाचा बांध राखणारी गोळी. शेवटची ओळख अजून पक्की व्हावयाची आहे. ती होईपर्यंत खाडीकांठच्या जुन्या आगऱ्याचा परिपाठ पुरेसा आहे: भरतीवर नजर ठेवावी, बांधाला रोज थोडी माती लावावी, आणि पाणी झिरपतांना दिसलें तर घरीं जाऊन झोंपूं नये, शेजाऱ्यास हांक मारावी.